वेगळे ताट

बुधवार, १८ जून २०२५. सकाळी साडेनऊ वाजता कारखान्यातून फोन आला. मी मुकुंदवाडीच्या घरी दाढी करीत होतो.

फोन धाकट्या मालकांचा होता. त्यांच्या वडिलांनी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत हा कारखाना काढला, तेव्हा मी तेथे टूलरूमचा फोरमन म्हणून लागलो आणि तेथूनच निवृत्त झालो. अजूनही एखादी डाय, म्हणजे साचा, अडली की मला बोलावणे येते. तसेच काही असेल, असे मला वाटले.

"काका, डायचं नाही, माणसांचं आहे," ते म्हणाले. "नियम तुमचा आहे. मोडायचा की ठेवायचा, तुम्हीच येऊन सांगा."

माझा म्हणून सांगितला जाणारा नियम त्या कारखान्यात एकच आहे. दुपारचे जेवण सर्वांनी एका चटईवर बसून करायचे. कोणी वेगळे बसायचे नाही.

त्याचे कारण थोडक्यात सांगतो. माझी पहिली नोकरी शहरातल्या एका जुन्या वर्कशॉपमध्ये होती. तेथे चहा सर्वांना मिळे. माझा कप मात्र खिडकीच्या गजाआड ठेवलेला असे. त्याचा कान तुटलेला होता. तो मीच विसळायचा आणि मीच परत तेथे ठेवायचा. तसे करण्यास मला कोणी तोंडाने सांगितले नव्हते. पुढे मोठ्या मालकांनी फोरमनची जागा देऊ केली, तेव्हा पगाराआधी मी एक अट घातली. माठ एक, पेला एक, पंगत एक. ते वैजापूरकडच्या जमीनदार घरातले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, "मंजूर" म्हणाले आणि पहिल्या दिवशी स्वतः चटईवर येऊन बसले. दोघे जण काम सोडून गेले. त्यांच्यातला एक महिन्याभराने परत आला आणि चटईवर बसला.

हा नियम चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचे वाचताना गैरसमज होणार नाही.

स्कूटर काढून मी कारखान्यात पोहोचलो. धाकट्या मालकांनी केबिनचे दार लावून घेतले. तपासणी विभागात पितळी सुट्या भागांची नजरेने तपासणी होते. तेथे सगळ्या बायका काम करतात. सहा महिन्यांपूर्वी एक नवी मुलगी घेतली होती. आयटीआय झालेली, वयाने पंचविशीच्या आत, काम नीट. तिचा प्रोबेशनचा काळ आज संपत होता. संध्याकाळपर्यंत तिला कायम करायचे किंवा घरी पाठवायचे, हे ठरवणे भाग होते. आणि तपासणीतल्या बायकांनी निरोप दिला होता की ती कायम झाली तर त्या तिच्या टेबलावर बसणार नाहीत.

"कारण?" मी विचारले.

"चटईवर जेवत नाही. सायकल स्टँडमध्ये एकटी बसते. गेल्या महिन्यात बुद्धपौर्णिमेला त्या थोरल्या बाईंनी खीर आणली होती. हिने घेतली नाहीच, वर हातावर थेंब सांडला तर नळावर जाऊन साबणाने हात धुतला. सगळ्यांच्या समोर."

त्या मुलीचे आडनाव त्यांनी सांगितले. तेही वैजापूरकडच्या जमीनदारांतले होते.

"पण काका, तसं नाही ते," मालक घाईने म्हणाले. "तिला ऑटिझम आहे. डॉक्टरांचा कागद तिने कामावर येतानाच दाखवला होता. म्हणून तर मी तिला भिंतीकडची जागा दिली, कानावर लावायला इअरमफ दिले."

"हे त्या बायकांना ठाऊक आहे?"

"नाही. म्हटलं, कशाला पोरीचा बोभाटा करायचा."

"सांगू नका, असे ती म्हणाली होती?"

"तसं काही नाही. मीच ठरवलं."

"आणि मला आता सांगितलेत, ते तिला विचारून?"

ते खिडकीबाहेर पाहू लागले. माणूस वाईट नाही. चांगले करायचे, पण गुपचूप करायचे, ही त्यांच्या वडिलांचीही सवय होती.

तपासणीच्या खोलीत शिरताच थोरली बाई टेबलावरून उठली. मी फोरमन असताना ती कोवळ्या वयात येथे लागली होती. आता तिचे केस पिकले आहेत आणि विभागात शेवटचा शब्द तिचा असतो.

"जय भीम, काका. आले का पंच?"

"जय भीम. बाहेर ये."

बाहेर आल्याबरोबर तिने सुरुवात केली. "काका, तुमी तरी सांगा, ह्ये बराबर हाय का? पयल्या दिवशी चटईवर बसली, दुसऱ्या दिवसापासून गायब. म्हनलं, आसंल लाजाळू. पर खीर? म्या पहाटं उठून केली व्हती. थेंब लागला तर साबन! आमच्या हाताला काय लागलंय? एवढी बेइज्जती तर माझ्या सासूनं पन केली नाय, आन ती लई खमकी व्हती."

"तू तिला विचारलेस?"

"काय विचारायचं? माझं वय गेलं ह्या नजरा वळखन्यात."

"माझेही," मी म्हणालो.

तिचा संशय उगाच नव्हता. तिच्या जागी मी असतो तर माझ्याही मनात दुसरे काही आले नसते. ते मी तिला सांगितले आणि म्हणालो, "संशय ठेव. पण दुपारी तिचे ऐकून घे. मग तुला जे करायचे ते कर."

"ऐकते. पर गोड बोलून गुंडाळायचं नाय."

"मी गोड बोलतो?"

"ते बी खरंय," ती म्हणाली आणि आत गेली.

मग मी मुलीच्या टेबलाशी गेलो. तिच्या कानांवर मफ होते. मी समोर उभा राहिलो तेव्हा तिने ते एका बाजूने उचलले.

"बोलायचे आहे. बाहेर ये."

"हा ट्रे झाला की येते."

त्या कारखान्यात मला असे कोणी थांबवत नसे. मी थांबलो. ट्रे झाला, तिने त्यावर खूण केली, टेबल पुसले आणि मग आली.

सायकल स्टँडच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा एक क्रेट उपडा घातलेला होता. तो स्वच्छ पुसलेला होता. हेच तिचे जेवायचे ठिकाण.

"मालकांनी मला तुझ्या डॉक्टरांच्या कागदाचे सांगितले. ते त्यांनी तुला विचारून सांगायला हवे होते."

"चालेल. मी गुपित ठेवा म्हटलं नव्हतं."

"येथे का बसतेस?"

"इथं कोणी माझ्या डब्यात काही टाकत नाही."

मला उलगडा होईना. तो तिने केला.

"पहिल्या दिवशी मी चटईवर बसले होते. एकीनं डब्यात वांग्याचा रस्सा टाकला, एकीनं लोणचं. माझी भाकरी भिजली. दोन पदार्थ एकमेकांत गेले की मला ते खाता येत नाही. मी संध्याकाळपर्यंत उपाशी होते."

"नको म्हणायचे होतेस."

"म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, लाजू नको गं. आणि अजून टाकलं."

हा भाग माझ्या नियमात नव्हता. आपल्या डब्यातले दुसऱ्याच्या डब्यात न विचारता वाढायचे, ही रीत लोकांनी आपुलकीने पुढे जोडली. मी ती रोज पाहिली होती आणि मला ती आवडत असे.

"खिरीचे काय झाले?"

"हातावर सांडली. अंगाला चिकट लागलं की माझ्या डोक्यात दुसरं काही राहत नाही. धुतल्याशिवाय बरं वाटत नाही. घरी आईच्या हातची सांडली, तेव्हा पण असंच धुतलं."

"त्या बायका काय समजल्या, ठाऊक आहे?"

"नाही. त्यांनी बोलणं बंद केलं. मला कारण कळलं नाही."

मी आडवळणाने बोललो नाही. तिच्यापाशी त्याचा उपयोग नव्हता, आणि मला ते येतही नाही. "त्या समजल्या की त्यांच्या जातीमुळे तू त्यांच्या हातचे खात नाहीस."

ती क्रेटकडे पाहत म्हणाली, "आमच्या घरी चुलते तसं करतात. गड्यांचे कप गोठ्यात असतात. मी बघितलं आहे." मग म्हणाली, "मी तसं केलं नाही."

ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. मला त्यात खोटे काही दिसले नाही.

"तुला काय हवे आहे?" मी विचारले.

"वेगळं ताट. काठ उंच असलेलं, म्हणजे बाजूचं काही त्यात येणार नाही. चटईच्या दाराकडच्या टोकाला जागा. तिथं वास कमी येतो. आणि ज्याला काही द्यायचं असेल त्यानं आधी विचारायचं. मी नको म्हटलं की नको."

"या कारखान्यात कोणालाही वेगळे ताट दिलेले नाही."

"का?"

मी तिला कपाची हकिकत सांगितली. दोन वाक्यांत. तिने ती नीट ऐकली.

"तो वेगळा कप तुम्ही मागितला होता?"

"नाही."

"मी मागते आहे," ती म्हणाली. "दहावीला पण मी वेगळी खोली मागितली होती. मोठ्या वर्गात पंखे वाजायचे. खोली मिळाली, मी पास झाले. मला तिथं कोणी बसवलं नव्हतं."

मी तिला एवढेच विचारले, की हे सगळे बायकांना मी सांगू की ती सांगेल.

"मी सांगते. पण त्या सगळ्या एकदम बोलतात. आणि बाजूला कॉम्प्रेसर चालू असतो. मग मला शब्द सुटे ऐकू येत नाहीत."

जेवणाच्या सुट्टीत यंत्रे थांबतात, परंतु भिंतीपलीकडचा कॉम्प्रेसर कधीच बंद केला जात नाही. मी ऑपरेटरला तो बंद करायला सांगितले.

"काका, परत प्रेशर यायला टाइम लागंल. लोक बोंबलतील."

"बोंबलू देत."

भोंगा झाला. बायका चटईवर बसल्या, डबे उघडले गेले, आणि कॉम्प्रेसर थांबला. सगळ्यांनी एकदम माना वर केल्या.

"लाइट गेली का काय?" एकीने विचारले.

"नाही. बंद केला आहे."

"बया!" थोरली बाई म्हणाली. "ह्यो बंद बी करता येतो? आन मी रोज जेवताना डोकं धरून बसते त्ये काय हौस म्हनून?"

मी चटईच्या एका कडेला बसलो. मुलगी दारात उभी होती. मला विचारून ती भोंग्याआधीच सायकल स्टँडमध्ये जेवून आली होती. "इथून बोललं तर चालेल?" तिने विचारले. मी मान हलवली.

तिने सांगितले ते जसे मला सांगितले होते तसेच. भाकरी भिजल्याचे, उपाशी राहिल्याचे, चिकट खिरीचे, आईच्या खिरीचे. डॉक्टरांनी त्याला काय नाव दिले आहे तेही सांगितले. आवाज वर गेला नाही की खाली आला नाही. शेवटी म्हणाली, "मी जातीमुळे हात धुतला नाही. तुम्हाला तसं वाटलं, हे मला आज कळलं. तुम्हाला वाईट वाटलं असेल. पण खीर परत सांडली तर मी परत धुणार."

सगळ्या एकदम बोलू लागल्या. मी हात वर केला. "एकेकीने."

"आधी का नाय सांगितलं गं ह्ये?" थोरलीने विचारले.

"कोणी विचारलं नाही."

"आता बोला!" थोरलीने माझ्याकडे पाहिले. मी पाहिले नाही.

"मंग खातीस काय तू?"

"भाकरी आणि कोरडी चटणी."

"रोज?"

"रोज."

"नवऱ्याची चंगळ हाय हिच्या," पलीकडून एक जण म्हणाली. "भाजीची कटकटच नाय."

"मला लग्न करायचं नाही," मुलीने गंभीरपणे सांगितले. त्यावर दोघी-तिघी हसल्या. आपण काय विनोद केला, हे मुलीला समजले नाही. तरी ती तेथून हलली नाही.

थोरली मात्र हसली नव्हती. हातातला घास खाली ठेवून तिने विचारले, "आन भाकरी माझ्या हातची आसली तर?"

हा प्रश्न त्या ठिकाणी विचारला जाणे मला पटले नाही. एकत्र बसण्यासाठी कोणाला परीक्षा द्यावी लागू नये, म्हणून तर नियम केला होता. मी तोंड उघडणार होतो. तेवढ्यात मुलीने उत्तर दिले. तिने आधी विचार केला. तो करताना तिच्या चेहऱ्याकडे सगळ्या बघत होत्या.

"पातळ असेल आणि करपलेली नसेल तर खाईन," ती म्हणाली. "पण आज नको, आज माझं जेवून झालं. उद्या आणा. आणि डब्यात टाकू नका. आधी विचारा."

थोरलीने तिच्याकडे एकटक पाहिले. अशा प्रसंगी जो खोटे बोलतो तो ताबडतोब "हो" म्हणतो, आणि वर दोन भाकऱ्या मागून घेतो. हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

"आर्डर बघा बाईसाहेबांची!" ती एकदम म्हणाली. "पातळ पाह्यजे, करपलेली नको, आन विचारून द्या! काका, मी हितं तपासनीला हाय का हिच्या सैपाकाला?"

आता सगळ्याच हसल्या. एक सोडून. कोपऱ्यात बसलेली तरुण बाई डबा बंद करीत म्हणाली, "मला नाय पटलं. पढवून आनलेलं बोलती ही."

"पटलेच पाहिजे असा नियम नाही," मी म्हणालो. "टेबलावर बसायचे एवढेच."

ती उठून हात धुवायला गेली. तिचे मन वळवण्याचा मी प्रयत्न केला नाही. आजही ती त्या मुलीशी कामापुरतेच बोलते, असे कळते. पण टेबलावर बसते.

जेवणे झाल्यावर थोरली बाई माझ्याबरोबर केबिनमध्ये आली. मालकांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"साहेब, पोरीला ठिवा. आमचं काय म्हननं नाय. पर एक सांगते. तिला भिताडाकडची जागा दिली, कानाला लावायचं दिलं. आमी म्हनलं, साहेबाची लाडकी दिसती. तिला इचारून आमाला दोन शब्द सांगितले आसते, तर म्या खिरीचं पातेलं तिच्यापासून लांब धरलं आसतं. झालं आसतं का येवढं रामायन?"

"चुकलं माझं," मालक म्हणाले.

"आन आता देनं चाललंच हाय, तर मला पाठ टेकायची खुर्ची द्या. ह्या ष्टुलावर माझी कंबर गेली. मागायची लाज वाटत व्हती."

मालकांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "टूलरूमच्या माळ्यावर दोन खुर्च्या पडून आहेत. एकीचा पाय जोडावा लागेल."

"आणि नियमाचं काय करायचं, काका?"

हा प्रश्न मी सकाळपासून बरोबर वागवत होतो. नियम मोडण्याची गरज मला दिसली नाही. त्यात काय म्हणायचे राहून गेले होते तेवढे मी सांगितले. कोणी कोणाला वेगळे बसवायचे नाही, हे आहे तसेच राहील. स्वतःसाठी कोणी वेगळे काही मागितले तर ते त्याला विचारून द्यायचे, आणि ते सर्वांच्या देखत, पंगतीतच ठेवायचे. दुसऱ्याच्या डब्यात विचारल्याशिवाय वाढायचे नाही. जेवणाच्या वेळी कॉम्प्रेसर बंद.

मालकांनी मुलीला बोलावून कायम केल्याचे सांगितले. तिने "बरं" म्हटले, आणि अर्धा राहिलेला ट्रे पुरा करायला जाऊ का, असे विचारले.

मी टूलरूममध्ये गेलो. भंगारात स्टेनलेसचा एक पत्रा होता, बऱ्यापैकी जाड. मापासाठी मुलीचा डबा मागून घेतला. डब्यातली भाकरी अख्खी मावेल आणि चटणी बाजूला राहील, एवढे ताट आखले. पत्रा कापला. काठ वाकवायला पत्रा मोडायच्या यंत्रात धरला, तेव्हा हात थोडा थांबला. वेगळे भांडे मी माझ्या हाताने करीत होतो. मग दांडा खाली ओढला. एकामागून एक चारही काठ वर आले.

थोरली बाई घरी जाताना दारात उभी राहिली. "ह्ये काय, तिचं ताट?"

"हो."

"माझ्या भाकरीला ल्हान पडंल."

"पातळ कर."

"व्हय, व्हय. तुमी बी तिच्याच पार्टीतले," ती म्हणाली आणि गेली.

कोपरे झाळून जोडले. आतली धार कानसीने घासली, मग पॉलिश पेपरने. अंगठा सगळ्या काठावरून फिरवून पाहिला. एका कोपऱ्यात अजून खरखर होती. ती काढली. ताट साबणाने दोनदा धुतले आणि कोरड्या कापडाने पुसले. जेवणाच्या खोलीत भिंतीशी सर्वांचे डबे ठेवायची लोखंडी मांडणी आहे. तिच्या मधल्या फळीवर कोणाची तरी रिकामी बाटली आडवी पडली होती. ती काढून वरच्या फळीवर ठेवली. थोरलीच्या डब्याच्या जागेशेजारी ताट उभे करून ठेवले आणि खोलीचा दिवा मालवला.